दोन एचपीची कडबाकुट्टी, अनुदानावर घेतलेली : दीड वर्षानंतर

आमच्याकडं चार संकरित गाया आणि दोन कालवडी. ही कडबा-चारा बारीक कापायची कुट्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतली, तेव्हापासून रोज दोन टाइम चालतेय. घ्यायचा विचार असणाऱ्यांसाठी लिहिते.

मशीन चांगलं आहे, आधी तेच सांगते. कोयत्यानं तोडून टाकायचे तेव्हा गाया पाला तेवढा खायच्या आणि ताटं पायाखाली तुडवायच्या. रोज पाटीभर चगाळ उकिरड्यावर जायचं. आता गव्हाण चाटूनपुसून साफ. गेल्या उन्हाळ्यात तेवढ्याच कडब्याची गंज पंधरा-वीस दिवस जास्त पुरली.

सिंगल फेजवर चालतं, पण संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुरगुरते. हिरवा मका तीन ताटांच्या वर घातला की अडकतो. पात्याला महिन्याला धार लावावी लागते. आणि पट्ट्यावर जाळी नाही! एकदा माझ्या पदराचं टोक ओढलं गेलं. तेव्हापासून साडीवरून मालकांचा शर्ट घालते, गुंड्या लावते, मगच मशीन चालू.

आता खरेदीचं. बाईच्या नावावर ५० टक्के अनुदान, म्हणून महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज माझ्या नावानं. फी २३ रुपये ६० पैसे. सोडतीत नंबर लागला, खरेदीची पूर्वसंमती आली. ती घेऊन तालुक्याच्या दुकानात गेलो तर पहिला प्रश्न, "ताई, रोखीनं का अनुदानावर?"

रोखीनं २२,५००. अनुदानावर ३१,३६०. तेच मशीन, तोच हिरवा रंग. असं का विचारलं तर म्हणे पक्कं बिल, तपासणी अहवाल, फोटो, अपलोड, सगळं आम्हीच करून देतो. पक्क्या बिलाचा कर मी समजू शकते. पण कागद चढवायला एवढे पैसे?

शिवाय पैसे आधी आपण भरायचे. बचत गटातून २०,००० उचलले, महिन्याला दोन टक्क्यांनी. अनुदान पाचव्या महिन्यात जमा झालं, जीएसटी सोडून २८,००० धरले त्याचे निम्मे, १४,०००. तोवर व्याज गेलं २,०००. म्हणजे सरकारनं १४,००० दिले आणि रोखीच्या भावापेक्षा माझे वाचले ३,१४०. हेलपाटे आणि झेरॉक्स धरलेच नाहीत.

दुधातही तेच पाहिलं. जुलै २०२४ पासून गाईच्या ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) दुधाला डेअरीनं लिटरमागं ३० रुपये द्यायचे आणि सरकारनं वर ५. ऑक्टोबरपासून सरकारचे ७ झाले, गावात पेढे वाटायचेच बाकी होते. मग कळलं, डेअरीचे ३० चे २८ झालेत. बेरीज ३५ ची ३५. वाढलेले दोन रुपये आमच्या गोठ्यात आलेच नाहीत. वर गाईच्या कानात बिल्ला लागायचा, त्याची नोंद लागायची. आमची एक गाय बाजारातून आणलेली, तिच्या बिल्ल्यावर जुन्याच मालकाचं नाव. ते बदलेस्तोवर तिचं दूध अनुदानात धरलं नाही. पन्नास गायांवाल्याची एक सुटली तर त्याला कळतही नाही, आमची चारातली एक म्हणजे पाव धंदा.

तरी अनुदान नसतं तर मी मशीन घेतलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं. पूर्वसंमतीचा कागद हातात आला म्हणून घरातले तयार झाले, नाहीतर "कोयता काय वाईट आहे" हेच ऐकत बसले असते. माझ्या खांद्याला विचाराल तर सौदा फायद्याचा.

मशीनला पाचातले चार. दुकानाला दोन, तेही मेकॅनिक फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून.

जावेनं परवा त्याच दुकानातून हेच मशीन रोखीनं आणलं. घासाघीस करून २१,०००. तिच्या पट्ट्याला जाळी आहे.