एलएसआय ९२११-८आय, फ्रीबीएसडी आणि गोव्याचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

एलएसआय ९२११-८आय हे कॉम्प्युटरला जास्तीच्या डिस्क जोडणारं कार्ड. कार्ड चांगलं आहे, पण त्याच्याभोवतीचं सगळं नीट असेल तरच. मेच्या उकाड्यापासून दिवाळीपर्यंत हे कार्ड फोंड्यातल्या एका साध्या टॉवर कॅबिनेटमध्ये सहा डिस्कांचा रेडझेड२ पूल (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारा झेडएफएस या फाइल सिस्टिमचा समूह) सांभाळत होतं. या काळात लॉगमध्ये उमटलेल्या बहुतेक एररचं मूळ ना कार्डात निघालं, ना डिस्कमध्ये.

आधी कार्डाबद्दल. चिप एसएएस२००८, पीसीआय एक्सप्रेस २.०, आठ लेन, दोन एसएफएफ-८०८७ पोर्ट, म्हणजे थेट आठ डिस्क. फिरत्या डिस्कांना हा वेग पुरून उरतो. आयबीएम एम१०१५ आणि डेल एच२०० ही याच चिपची भावंडं. झेडएफएसला डिस्क थेट दिसायला हवी, म्हणून फर्मवेअर (कार्डातलं अंतर्गत सॉफ्टवेअर) आयटी प्रकारचंच, म्हणजे डिस्क जशीच्या तशी पुढे देणारं हवं आणि आवृत्ती २०.००.०७.००. याच पी२० मालिकेतल्या सुरुवातीच्या आवृत्त्या सदोष होत्या, त्यामुळे ‘पी२० आहे’ एवढ्या आश्वासनावर जुनं कार्ड उचलू नका. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कार्डाचा एमपीएस ड्रायव्हर बूट होतानाच आवृत्ती छापतो, ती डीमेसेजमध्ये, म्हणजे बूटच्या संदेशांच्या नोंदीत पाहा. फ्लॅश करताना बूट रॉम गाळला तर मशीन बरंच लवकर सुरू होतं. मात्र मग सिस्टिमची डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टवर हवी.

उष्णता हा या कार्डाचा खरा कच्चा दुवा. ते सर्व्हरच्या पेटीसाठी बनलंय, जिथे वारा सतत वाहतो. मिनिटाला २०० फूट, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर, एवढी हवा त्याला लागते. टॉवरमध्ये ती आपोआप मिळत नाही. हीटसिंकवर ४० मिलिमीटरचा पंखा बसवा किंवा शेजारच्या स्लॉटकडे तोंड करून ९२ मिलिमीटरचा लावा. जुन्या कार्डावरची थर्मल पेस्ट वाळून कडक झालेली असते, तीही बदला. कार्ड तापून थकलं की लॉगमध्ये ‘आयओसी फॉल्ट’ येतो, मागोमाग ‘रिसेटिंग’, आणि सगळ्या डिस्क एकदम नाहीशा होतात.

इथेच निदानाचं सूत्र आहे: एरर कोणाकोणाला येतोय ते आधी बघायचं. सहाही डिस्क एकाच क्षणी गेल्या तर डिस्कवर संशय घेऊ नका. कार्ड, त्याचा स्लॉट किंवा पॉवर सप्लाय बघा. एकाच केबलवरच्या चार गेल्या तर ती केबल किंवा त्या चौघींची पॉवरची वायर. एकटीच गेली तर स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले आकडे वाचा. क्रमांक ५, १९७ आणि १९८ वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतोय. फक्त १९९, म्हणजे सीआरसी एररचा (डेटा केबलवरून येता-जाता बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर डिस्क निर्दोष असण्याची शक्यता मोठी. केबल किंवा कनेक्टर बघा. हा आकडा कधीच शून्यावर परत येत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवायचा आणि केबल बदलून स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) झाल्यावर पुन्हा ताडून पाहायचा. पूलची अवस्था दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटस कमांडमध्ये रीड-राइट शून्य आणि चेकसमच वाढलेला, तोही अनेक डिस्कांवर, असं दिसलं तर रॅमही तपासा.

तरीही शंका उरली तर संशयित डिस्क आणि धडधाकट डिस्क यांच्या केबल आपसांत बदला. एरर डिस्कबरोबर गेला की जुन्या जागीच राहिला, यावरून निकाल लागतो. मात्र डिस्क ओळखायची ती सीरियल नंबरवरून. सिस्टिमच्या लेखी डीए३ आज जी आहे ती रीबूटनंतर डीए२ होऊ शकते, आणि रात्री घाईत चांगली डिस्क ओढून काढायला तेवढं पुरतं. जीओएम डिस्क लिस्ट या कमांडमधला आयडेंट, म्हणजे सीरियल नंबर, कागदाच्या चिठ्ठीवर उतरवून ट्रेवर चिकटवा.

केबल विकत घेताना ‘फॉरवर्ड ब्रेकआउट’च, म्हणजे कार्डाच्या एका पोर्टातून चार डिस्कांकडे जाणारी मागा. ‘रिव्हर्स’ दिसायला हुबेहूब तशीच असते, पण या कार्डावर तिला जोडलेली डिस्क दिसणारच नाही. लांबी अर्धा मीटर पुरे. पॉवर स्प्लिटर अखंड प्लास्टिकच्या साच्यातला नको, तो आतून शॉर्ट होऊन जळू शकतो. वायर दाबून बसवलेला क्रिम्प प्रकारचा घ्या.

आता पावसाळा. चालू मशीन आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळे त्यावर दमट हवेचा फारसा परिणाम होत नाही. बंद मशीनचं दुखणं वेगळं. रात्रभर २० अंशांच्या एसीत थंडगार पडलेलं कॅबिनेट सकाळी दारं उघडताच घामेजतं. एसी २६ वर ठेवा, आणि मशीन थंड असेल तर खोलीइतकं गरम झाल्याशिवाय सुरू करू नका. किनाऱ्याजवळ खारा वारा कनेक्टरवर बसतो, तेव्हा जून लागण्याआधी कार्डाची सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सगळे प्लग एकदा काढून परत बसवा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

विजेचा लपंडाव आहेच. घरगुती इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’वर हवं. ‘नॉर्मल’वर वीज बदलायला जो वेळ जातो तेवढा पॉवर सप्लाय तग धरेलच असं नाही, पूर्ण भारावर तो १६-१७ मिलिसेकंद सांभाळतो. कधीकधी मशीन चालूच राहतं आणि एखादीच डिस्क गचका खाते. लॉगमधली वेळ आणि वीज गेल्याची वेळ जुळवून पाहा.

साध्या डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टरवर फार वेळ अडून बसतात. डिस्कला चालत असेल तर स्मार्टसीटीएलने एससीटी ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरवर किती वेळ झगडायचं याची मर्यादा) ७०, ७० लावा, म्हणजे सात सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून बूट स्क्रिप्टमध्येच घाला.

याहून नव्या पिढीचं कार्ड घ्यायचं असेल तर ९३००-८आय पाहा. त्याचा ड्रायव्हर एमपीआर आणि पोर्ट एसएफएफ-८६४३, म्हणजे जुन्या केबल चालणार नाहीत. तो खर्च आधीच धरा. पंखा त्यालाही लागतो.