गुण, श्रेणी की शब्द? मूल्यमापनाची पद्धत ठरवण्यापूर्वी

सातवीच्या वर्गात मी एकदा गणिताच्या घटक चाचणीचे पेपर तपासून वाटले. प्रत्येक चुकीशेजारी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यात दोन रात्री गेल्या होत्या. मुलांनी वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला, शेजाऱ्याला "तुला किती?" विचारलं आणि पेपर घडी करून दप्तरात टाकला. माझ्या ओळी कुणीच वाचल्या नाहीत. पुढच्या चाचणीला मी आकडा पेपरवर लिहिलाच नाही, माझ्या नोंदवहीत ठेवला. मुलांनी कुरकुर केली. मग ती शेरे वाचायला लागली, कारण पेपरावर पाहण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

शाळा उघडण्यापूर्वी यंदा मूल्यमापन कसं करायचं हे ठरवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मुख्याध्यापकांसाठी मी हे लिहिते आहे. शाळा निवडणाऱ्या पालकांनाही उपयोग होईल. समोर साधारण चार वाटा असतात: गुण, श्रेणी, वर्णनात्मक नोंदी आणि मुलाच्या कामाची संचयिका. चारही मी वर्गात वापरल्या आहेत. माझं मत आधीच सांगते: आकडा असावा की नसावा यापेक्षा तो मुलाच्या हातात कधी पडतो, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मोकळीक किती आहे

"शासन परवानगी देणार नाही" असं म्हणून बऱ्याच शिक्षक सभांमध्ये हा विषय मिटतो. शासनाने यातलं बरंचसं स्वतःच सांगितलेलं आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, आणि महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने त्याची चौकट आखून दिली. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाला 70 टक्के भार आणि संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला 30, तिसरी-चौथीला 60-40, पाचवी-सहावीला 50-50, सातवी-आठवीला 40-60. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं येतं. लेखी चाचणी त्यातलं फक्त एक साधन आहे, आणि ती पुस्तक उघडून सोडवू दिली तरी चालते.

2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2023 मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, तीतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. म्हणजे या दोन वर्गांत वर्षाअखेरीला आकडा द्यावाच लागणार. वर्षभर वहीवर काय लिहायचं, हे मात्र आजही शिक्षकाच्या हातात आहे.

एकच चूक, चार कागद

एका मुलीने लिहिलं: 3/4 + 2/3 = 5/7. ही चूक दरवर्षी येते. आता प्रत्येक पद्धतीत तिच्या हाती काय पडतं ते पाहू.

गुणांच्या पद्धतीत दोनपैकी शून्य. उत्तर चुकलं हे तिला कळलं, का चुकलं ते कळलं नाही.

श्रेणीत हे गणित दिसतच नाही. बाकीच्या सगळ्या प्रश्नांत विरघळून ते ब-2 (61 ते 70 गुणांची श्रेणी) होतं.

वर्णनात्मक नोंदीत, ती आपण नेहमी लिहितो तशी लिहिली तर, "अपूर्णांकांच्या बेरजेत मार्गदर्शन आवश्यक". हे वाक्य खरं आहे, पण ते मुलीला उद्देशून नाही, तपासायला येणाऱ्या साहेबांना उद्देशून आहे.

चौथा कागद म्हणजे मुलीलाच उद्देशून लिहिलेली नोंद, ती अशी: "तू अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलास. आता बघ, पाऊण भाकरी अर्ध्याहून जास्त, 2/3 भाकरीही अर्ध्याहून जास्त. मग बेरीज एका भाकरीहून मोठी यायला हवी ना? तुझी 5/7 आली, ती एकापेक्षा लहान आहे. चित्र काढून पुन्हा कर आणि मला दाखव."

ती मुलगी भाकरीची दोन चित्रं काढून आली. प्रत्येकीचे बारा भाग केले होते आणि खाली 17/12 लिहिलं होतं. समच्छेद करायला मी तिला सांगितलं नव्हतं, बारा भाग तिचे तिनेच शोधले होते.

या फरकाला संशोधनाचाही आधार आहे. रूथ बटलर यांनी इस्राएलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे तीन गट होते: एकाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त शेरे, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांची गोडी टिकली. आपल्याला वाटेल, दोन्ही मिळालेली मुलं सगळ्यांत पुढे गेली असतील. तसं झालं नाही. शेऱ्याशेजारी गुण आले की शेऱ्याचा फायदा उरला नाही. माझ्या सातवीने पेपर दप्तरात टाकले तेव्हा हेच घडत होतं.

गुणांच्या बाजूने

गुणांवर टीका करणं सोपं आहे, पण त्यांची एक बाजू मला मनापासून पटते आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणार नाही. शिक्षकाच्या मनातल्या पूर्वग्रहापासून आकडा मुलाला थोडंफार वाचवतो. पेपर पुन्हा तपासता येतो, गुण मोजता येतात, पालक येऊन "इथे अर्धा गुण का कापला?" विचारू शकतात. शेऱ्याबद्दल असं काय विचारणार?

माझ्या जुन्या वर्णनात्मक नोंदी मी एकदा एकत्र ठेवून वाचल्या. मुलींच्या पत्रकात "शांत", "नीटनेटकी", "अक्षर सुंदर". मुलांच्या पत्रकात "हुशार", "चौकस", "प्रश्न विचारतो". तांड्यावरून येणाऱ्या एका मुलासमोर मी लिहिलं होतं, "भाषा अशुद्ध". तो घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलायचा, मराठी ही त्याची दुसरी भाषा होती आणि एका वर्षात त्याने ती बरीच उचलली होती. मराठीच्या पेपरात त्याला 50 पैकी 31 होते. तो आकडा माझ्या शब्दांपेक्षा त्याच्याशी जास्त न्यायाने वागला होता. शब्दांकडे वळणाऱ्या प्रत्येक शाळेत शिक्षकांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांच्या नोंदी वाचून पाहाव्यात, मुलांची नावं झाकून.

तरी रोजच्या वहीवर गुणांचा उपयोग मला दिसत नाही. पहिला नंबर, दुसरा नंबर या रांगेत चाळिसांपैकी पस्तीस मुलांना वर्षभर फक्त आपण मागे आहोत एवढंच कळतं.

श्रेणी: थोडक्यात

श्रेणी आली ती एकेका गुणासाठीची ओढाताण थांबावी म्हणून. झालं असं की 60 गुणांचं मूल क-1 मध्ये गेलं, 61 चं ब-2 मध्ये, आणि 61 अन् 70 एका पंगतीत बसले. पालकसभेत पहिला प्रश्न असतो, "बाई, पण टक्के किती?" गुण ठेवायचे तर सरळ गुण ठेवा, शब्द वापरायचे तर शब्द वापरा. निकालपत्रकात श्रेणी लिहावी लागते म्हणून लिहावी, तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

वर्णनात्मक नोंदी कुठे फसल्या

2010 नंतर नोंदी सक्तीच्या झाल्या आणि लगेचच तयार नोंदींची पुस्तकं आली. आता त्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतात: विशेष प्रगतीसाठी अमुक वाक्यं, आवड-छंदासाठी तमुक, सुधारणेसाठी आणखी काही. मीही त्यातून उतरवून घेतल्या आहेत. मार्चअखेरीला पट अठ्ठेचाळीस, हातात तीन दिवस, वर इतर कामं असली की हात आपोआप त्या पीडीएफकडे जातो.

याला शिक्षकांचा आळस म्हणणं मला मान्य नाही. हिशेब करून पाहा. चाळीस मुलं, चार विषय, प्रत्येक नोंदीला पाच मिनिटं: 800 मिनिटं, म्हणजे तेरा तासांहून जास्त, आणि तेही मूल शेजारी नसताना, आठवून. सत्राच्या शेवटी एकदम लिहिलेली नोंद पोकळच असणार. शिवाय ती मुलाच्या हातात पडते तेव्हा तो धडा संपलेला असतो, सुधारायला काही उरलेलं नसतं.

याच नोंदी वर्षभर थोड्या थोड्या लिहिल्या तर जमतात. मी रोज आठ वह्या घेते, एकाच विषयाच्या. प्रत्येकीत एकच चूक निवडते आणि त्या चुकीबद्दल दोन वाक्यं लिहिते. एक, काय झालं. दोन, आता काय करून बघ. बाकीच्या चुका त्या दिवशी सोडून देते. हे सुरुवातीला फार जड गेलं, कारण चूक दिसली की लाल शाईचा गोल करायची हाताला सवय असते. पाच दिवसांत चाळीस मुलं होतात, रोज अर्ध्या तासाहून जास्त लागत नाही. आणि मुलाने दुसऱ्यांदा केलेलं काम बघायचंच. ते बघितलं नाही तर दोन आठवड्यांत मुलं शेरे वाचणं सोडतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी नोंदीचं मोल आणखी वेगळं आहे. दिवाळीच्या सुमारास मूल जातं, उन्हाळ्यात परत येतं. अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेला ते कुठवर आलं आहे हे कळावं. त्यावर "गणित 42 टक्के" लिहून दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिक्षकाला काय कळणार? "हातच्याची वजाबाकी येते, तीनपर्यंतचे पाढे पाठ, भागाकार सुरू केलेला नाही" एवढं लिहिलं तर तो शिक्षक दुसऱ्या दिवशी शिकवायला सुरुवात करू शकतो.

संचयिका

प्रत्येक मुलाची एक फाइल, त्यात त्याने स्वतः निवडलेली कामं. महिन्यातून एक पुरे. निवडलेल्या कामाला एक चिठ्ठी जोडायची: हे का निवडलं? चौथीतल्या एका मुलाने जुलैची आणि जानेवारीची शुद्धलेखनाची पानं एकत्र लावली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "आधी मी शब्द चिकटवून लिहायचो." त्याच्या आईला फारसं वाचता येत नाही, पण दोन पानं शेजारी धरल्यावर तिला सगळं समजलं. वर्णनात्मक नोंद तिला कुणीतरी वाचून दाखवावी लागली असती.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना आहे. त्यात शिक्षकाबरोबर मुलाचं स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापनही येतं. संचयिका चालू असेल तर ते पत्रक भरायला वेगळं काही करावं लागत नाही. अडचण जागेची आहे. दोन शिक्षक आणि चार वर्ग एका खोलीत असतील तर चाळीस फाइली ठेवायच्या कुठे, हा प्रश्न खरा आहे. आम्ही भिंतीला दोरी बांधून कापडी पिशव्या टांगल्या.

दहावीचं काय

पालकांची भीती इथे असते: लहानपणी परीक्षेची सवय नसेल तर शिष्यवृत्ती, नवोदय आणि पुढे बोर्ड कसं झेपणार? ही भीती उडवून लावू नका. तीन तास बसून लिहिण्याचा, वेळ वाटून घेण्याचा सराव लागतोच. सातवीपासून वर्षातून दोनदा पूर्ण लेखी परीक्षा गुणांसह घ्या, तेवढं पुरतं.

एक चूक मात्र शाळांनी टाळावी. मुलाला शिकवण्यासाठी केलेलं मूल्यमापन प्रवेशासाठी वापरलं की ते बिघडतं. 2019 मध्ये दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढून टाकले. अभ्यासक्रमही नवा होता, आणि राज्याचा निकाल 77.10 टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले, निकाल 95.30 टक्के. 2021 मध्ये कोविडमुळे परीक्षाच झाली नाही. नववीचा निकाल, दहावीचं शाळेतलं लेखी काम आणि तोंडी-प्रात्यक्षिकं यांवर निकाल लावला, तो 99.95 टक्के. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या एका आकड्यावर मुलाची अकरावी ठरणार असेल तर कुठलाही शिक्षक हात सैल सोडेल. म्हणून निवडीची परीक्षा वेगळी राहू द्या आणि वर्गातले शेरे तिच्यापासून दूर ठेवा.

मी काय निवडेन

पहिली ते चौथीला वहीवर एकही आकडा नको. रोजच्या दोन वाक्यांच्या नोंदी आणि संचयिका, निकालपत्रकासाठी लागेल तेवढी श्रेणी शेवटी. पाचवी ते आठवीला चाचणीचा पेपर आधी फक्त शेऱ्यांसह परत द्या, मुलांनी दुरुस्त करून आणल्यावर गुण सांगा. आमच्याकडे पेपर शनिवारी मिळतो, गुण पुढच्या बुधवारी. पाचवी आणि आठवीच्या पालकांना मात्र दोन्ही सत्रांत गुण स्पष्ट सांगा, वार्षिक परीक्षेत त्यांना धक्का बसता कामा नये. नववी-दहावीला गुण राहणारच, तिथे निदान एका विषयात तरी चुकलेलं उत्तर पुन्हा लिहून आणायची संधी द्या.

पट पन्नासच्या पुढे असेल आणि मदतीला कुणी नसेल तर सगळ्या विषयांत एकदम उडी घेऊ नका. एक विषय, एक सत्र, एवढंच बदला. बहुतेक शाळांत गणित सोयीचं पडतं, कारण चूक नेमकी कुठे झाली ते तिथे पटकन दिसतं. जूनच्या पहिल्या पालकसभेत जुना पेपर आणि नवा पेपर शेजारी शेजारी दाखवा आणि एकच विचारा: यातला कोणता पाहून तुम्हाला घरी मुलाला मदत करता येईल? आमच्या सभेत एका आजोबांनी पेपरावरचं भाकरीचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे मला सांगता येईल."