क्रॉसफेडरचा पहिला मिलिमीटर: पायोनियर डीजे डीजेएम-एस११

स्क्रॅचिंगसाठी मिक्सर, म्हणजे दोन तबकड्यांचे आवाज मिसळणारे यंत्र, घ्यायचा असेल, तर दुकानात तो चालू करण्याआधी त्याच्या क्रॉसफेडरवर अंगठा आणि दोन बोटे टेकवून तो आठ-दहा वेळा हलवून पाहावा. दोन बाजूंपैकी कोणाचा आवाज ऐकू यावा हे ठरवणारी ही आडवी, लहानशी सरकपट्टी किती हलकी सरकते, टोकाला आदळल्यावर बोटाला कसा धक्का देते, आणि यंत्र चालू केल्यानंतर टोकापासून किती अंतर सरकल्यावर आवाज उघडतो, एवढ्यावरून त्या मिक्सरची निम्मी परीक्षा होते. पायोनियर डीजेचा डीजेएम-एस११ हा मिक्सर मी गेले दीड वर्ष घरच्या सरावासाठी आणि छोट्या कार्यक्रमांसाठी वापरतो आहे. त्याच्या जाहिरातीत रंगीत स्पर्शपडदा सगळ्यात पुढे असतो. माझ्या लेखी मात्र या यंत्राचे मोल त्याच्या क्रॉसफेडरमध्ये आणि पॅडवरच्या, म्हणजे बोटाने दाबायच्या बटणांवरच्या, दोन सोयींमध्ये आहे, आणि म्हणून या परीक्षणातही मी त्यांनाच अधिक जागा देणार आहे.

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीसाठी रूढ झाला आहे, त्यामुळे स्क्रॅचिंग म्हणजे काय हे आधी सांगितलेले बरे. टर्नटेबलवर फिरणारी तबकडी एका हाताने पुढे-मागे ओढायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने क्रॉसफेडर उघड-बंद करून त्या आवाजाचे हवे तेवढे तुकडे पाडायचे, असे हे दोन हातांचे वादन आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९७५च्या सुमारास ग्रँड विझर्ड थिओडोर या किशोरवयीन मुलाला ते सापडले. आई खोलीत येऊन आवाजाबद्दल रागावली, त्याने तबकडी हाताने धरून ठेवली आणि हाताखाली ती मागे-पुढे होताना जो आवाज आला त्यावर त्याने पुढे मेहनत घेतली, असे तो स्वतः सांगत आला आहे. या कलेला लागणारे टर्नटेबल तोवर बाजारात आले होते, कारण टेक्निक्सचे थेट मोटरवर फिरणारे एसएल-१२०० हे १९७२ सालचे. तिला साजेसा मिक्सर मिळायला मात्र बराच काळ गेला. सुरुवातीचे मिक्सर एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात हळूहळू जाण्यासाठी बनवलेले होते, आणि त्यांच्या पट्ट्यांकडून सेकंदाला अनेक वेळा आदळण्याची अपेक्षा कोणी केली नव्हती. जपानच्या वेस्टॅक्सने पीएमसी-०५ प्रो या मिक्सरमधून खास स्क्रॅच करणाऱ्यांसाठी यंत्र घडवले आणि अमेरिकेच्या रेनने त्यानंतर हा वारसा पुढे नेला. क्लबमधल्या यंत्रांवर सत्ता गाजवणारी पायोनियर २०१५ साली डीजेएम-एस९ हा स्क्रॅच मिक्सर घेऊन आली. एस११ हा त्याचा उत्तराधिकारी, २०२० सालचा.

आता क्रॉसफेडरविषयी. जुन्या पद्धतीच्या फेडरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूचे बारीक स्पर्शक घासत जातात. घासण्यामुळे पट्टी झिजते, तीत धूळ बसते, आणि काही महिन्यांनी बंद असलेल्या बाजूचा आवाजही मंदपणे पाझरू लागतो किंवा पट्टी हलवताना खरखर ऐकू येते. पुण्यासारख्या धुळीच्या शहरात किंवा कोकणातल्या दमट हवेत हा त्रास लवकर सुरू होतो. माझ्या आधीच्या मिक्सरचा फेडर मी तीनदा उघडून स्पिरिटने पुसला होता, तरीही दर वेळी तो थोडाच काळ नीट चालला. एस११ मध्ये मॅगव्हेल फेडर प्रो नावाचा चुंबकीय फेडर आहे. त्यात पट्टीची जागा चुंबकीय क्षेत्रावरून ओळखली जाते, त्यामुळे ध्वनीचा मार्ग ठरवणारे दोन भाग एकमेकांना टेकतच नाहीत. मॅगव्हेल फेडरबद्दल कंपनी १ कोटीहून अधिक हालचालींचे आयुष्य सांगते. तो आकडा तपासून पाहणे माझ्या हातात नाही, परंतु दीड वर्षाच्या रोजच्या सरावानंतर आवाज उघडण्याची जागा पहिल्या दिवशी होती तिथेच आहे आणि खरखर एकदाही ऐकू आलेली नाही, एवढे मी खात्रीने लिहू शकतो.

आवाज उघडण्याची ही जागा इतकी महत्त्वाची का, हे काही स्क्रॅच डोळ्यांसमोर आणले की कळते. ‘ट्रान्सफॉर्मर’ स्क्रॅचमध्ये बंद फेडर टपटप उघडून लांब आवाजाचे तुकडे पाडले जातात. ‘फ्लेअर’मध्ये उलट, फेडर उघडाच ठेवून तबकडी ओढत असताना तो क्षणभर बंद केला जातो. ‘क्रॅब’मध्ये अंगठा स्प्रिंगसारखा फेडरला एका बाजूला रेटून धरतो आणि करंगळीपासून तर्जनीपर्यंतची बोटे चुटकी वाजवल्यासारखी त्यावरून एकामागून एक घसरतात. तबल्यावर ‘तिरकिट’ वाजवताना बोटांना जी स्वतंत्र पण सांधलेली गती लागते, तिच्याशी याचे नाते मला नेहमी जाणवते. अशा वेळी आवाज टोकापासून एक मिलिमीटरवर उघडतो की तीन मिलिमीटरवर, यावर चारही बोटांचे ठोके सुटे ऐकू येतील की त्यांचा चिखल होईल हे ठरते. एस११ मध्ये हे अंतर सेटिंगमधून बारीक टप्प्यांनी कमीजास्त करता येते आणि पट्टीचा ताणही बदलता येतो. मी अंतर सर्वांत कमी न ठेवता एक-दोन टप्पे वाढवून ठेवले आहे, कारण अगदी टोकाशी आवाज उघडत असेल तर पट्टी आदळून किंचित मागे आली तरी नको असलेला तुकडा निसटून बाहेर येतो. ताण मात्र पूर्ण सैल ठेवला आहे. हात जड असणाऱ्यांना तो थोडा घट्ट आवडेल. डावीकडचे उजवीकडे करणारा, म्हणजे ज्याला या वर्तुळात ‘हॅमस्टर’ म्हणतात तो स्विचही आहे, आणि उलट्या बाजूने शिकलेल्या वादकांसाठी तो अत्यावश्यकच असतो.

क्रॉसफेडरइतकेच मला आवडलेले दुसरे वैशिष्ट्य म्हणजे ‘सायलेंट क्यू’. गाणे तबकडीबरोबर फिरत राहते, परंतु त्याचा आवाज बंद असतो. पॅडवर नेमून दिलेली जागा दाबली की आवाज तिथून उघडतो. ऐकायला ही साधी सोय वाटते. तिचा उपयोग हात बसल्यावर समजतो. मी हलगीच्या काही वेगवेगळ्या ठोक्यांचे ध्वनिमुद्रण पॅडवर ठेवले आहे. हलगीचा ठोका सुरुवातीलाच इतका टोकदार असतो की पॅड दाबल्याबरोबर तो शांततेला चिरून बाहेर येतो, आणि लगेच हात तबकडीवर नेऊन त्याच ठोक्याला ओढून स्क्रॅच करता येते. ढोलकीचा घुमारा या पद्धतीने तितकासा खुलत नाही, कारण त्याची शेपटी लांब असते आणि ती कापली गेली की आवाज कोता वाटतो. याला जोडूनच ‘स्क्रॅच बँक’ आहे. स्क्रॅचसाठी निवडून ठेवलेले आवाज त्यामुळे पॅडच्या एका दाबाने थेट डेकवर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये गाणे वाजवण्याच्या जागेवर, चढतात, आणि लॅपटॉपच्या यादीत वाकून शोधत बसावे लागत नाही. या दोन्ही सोयी मी सेराटो डीजे प्रो या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरसोबत वापरतो. वादकाची नजर पडद्यावरून उठून पुन्हा हातांकडे यावी, असा विचार त्यांच्यामागे आहे, आणि तो मला मनापासून पटतो.

पॅड प्रत्येक बाजूला ८, म्हणजे एकूण १६ आहेत आणि एस९ पेक्षा मोठे आहेत. फार जोर न लावता ते ठोका पकडतात. बोटांनी ताल वाजवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना इथे परके वाटणार नाही.

इफेक्टच्या संख्येत मला फारसा रस नाही, तरी नोंद म्हणून सांगतो की मिक्सरमध्येच २२ बीट इफेक्ट, म्हणजे तालाशी जुळणारे ध्वनिपरिणाम, आहेत. ते चालू करण्यासाठी प्रत्येक बाजूला एक दांडी दिली आहे. ती एका दिशेला ढकलली तर इफेक्ट चालूच राहतो आणि दुसऱ्या दिशेला ओढून धरली तर हात सोडेपर्यंतच टिकतो. बटणापेक्षा ही दांडी कितीतरी बरी, कारण न पाहता ती हाताला सापडते आणि तिला झटका देऊन तालातच इफेक्टचे तुकडे पाडता येतात. ‘स्मूथ एको’ ही सोय चालू ठेवली, तर क्रॉसफेडर बंद करताच संपलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी आपोआप मागे राहतो आणि वेगळ्या लयीच्या गाण्यावर जाणे सोपे होते. लग्नाच्या कार्यक्रमात एका गाण्यावरून एकदम संथ गाण्यावर जाण्याची फर्माईश येते, तेव्हा तिने मला अनेकदा सांभाळून घेतले आहे. मात्र सरावाच्या वेळी ती बंद ठेवावी. ती चालू असली की हाताची चूक प्रतिध्वनीत झाकली जाते आणि सुधारायची राहून जाते.

४.३ इंचांच्या स्पर्शपडद्याविषयी माझे मत मिश्र आहे. सेटिंग बदलण्यासाठी तो उत्तम आहे. पूर्वी ज्या गोष्टींसाठी संगणकावर वेगळा प्रोग्राम उघडावा लागे, त्यातल्या बऱ्याच आता यंत्रावरच होतात. गाण्याच्या लहरींचे चित्रही त्यावर दिसते, त्यामुळे लॅपटॉप बाजूला सरकवून ठेवता येतो. परंतु वादन रंगात आले असताना घामेजलेल्या बोटाने सपाट काचेवर अचूक जागा शोधणे मला जमत नाही, आणि ते जमवण्याची गरजही वाटत नाही. बोटाला खाच, कड किंवा उंचवटा जाणवल्याशिवाय हात जागा लक्षात ठेवत नाही.

जोडणीच्या बाबतीत यंत्र विचारपूर्वक बनवलेले आहे. दोन यूएसबी जागांमुळे दोन लॅपटॉप एकाच वेळी जोडलेले राहतात, आणि एक वादक उठून दुसरा बसताना संगीत थांबवावे लागत नाही. ध्वनीकार्ड आतच असल्याने कंट्रोल व्हायनल, म्हणजे ज्या तबकडीवर संगीताऐवजी संगणकाला हाताची गती कळवणारा संकेत कोरलेला असतो ती, थेट वापरता येते. मुख्य ध्वनी एक्सएलआर तारेने बाहेर जातो. इथे आपल्याकडच्या वादकांसाठी एक सूचना. टर्नटेबलच्या सुईतून येणारा संकेत फार क्षीण असतो आणि मिक्सर तो अनेक पटींनी वाढवतो, त्यामुळे सभागृहाच्या वीजजोडणीत अर्थिंग नसेल तर जी घुरघुर ऐकू येते तिचा दोष पुष्कळदा मिक्सरवर ढकलला जातो. एका सभागृहात माझा अर्धा तास याच घुरघुरीचे कारण शोधण्यात गेला, आणि अखेर भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंगची तार आत तुटलेली निघाली. टर्नटेबलची बारीक अर्थ तार मिक्सरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बांधावी, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्यावेत, आणि सॉकेट तपासण्याचा साधा टेस्टर पिशवीत ठेवावा.

उणिवांत सर्वांत मोठी किंमत. अमेरिकेत हा मिक्सर २००० डॉलरच्या आसपास विक्रीस आला, आणि भारतात आयातीचा खर्च त्यावर चढतो. दुसरी गोष्ट, चार डेक हाताळता येतात असे जे सांगितले जाते ते सॉफ्टवेअरपुरते आहे. मिक्सरवर एकेका बाजूच्या आवाजाची पातळी ठरवणाऱ्या उभ्या पट्ट्या दोनच आहेत, म्हणून चार स्वतंत्र आवाज चार स्वतंत्र पट्ट्यांवर मिसळण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी तशी अपेक्षा ठेवू नये. तिसरी, लॅपटॉप नसेल तर हा केवळ एक चांगला दोन तबकड्यांचा मिक्सर उरतो. पॅड आणि वर ज्यांची मी एवढी प्रशंसा केली त्या सोयी संगणकाशिवाय मुक्या असतात.

याच्या जोडीला बाजारात २०१९ सालचा रेन सेव्हंटी हा मिक्सर आहे. त्यात स्पर्शपडदा नाही, पण क्रॉसफेडर आणि दोन उभ्या अशा तिन्ही पट्ट्या चुंबकीय आहेत. उभ्या पट्ट्यांवरही वेगाने काम करणाऱ्या, स्पर्धेची तयारी करणाऱ्या वादकाने तो हाताळल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पायोनियरचाच डीजेएम-एस७ स्पर्शपडदा वगळून आणि ब्लूटूथ देऊन स्वस्तात मिळतो, क्रॉसफेडर मात्र त्याच जातीचा आहे. जे नुकते शिकत आहेत, त्यांना मी नुमार्क स्क्रॅच हा मिक्सर सुचवीन. त्यात इनोफेडर नावाचा क्रॉसफेडर आहे, पॅड मोजके आहेत, आणि उरलेल्या पैशांत बरे टर्नटेबल व दोन चांगल्या सुया येतात. पहिल्या वर्षी हाताला साधा ‘बेबी’ स्क्रॅच, म्हणजे फेडर न हलवता तबकडी नुसती पुढे-मागे करणे, लयीत बसवायचा असतो आणि त्यासाठी २२ इफेक्टची गरज पडत नाही.

एस११ घ्यावा तो ज्याचा हात बसला आहे आणि जो लोकांसमोर नियमित वाजवतो त्याने. घेण्यापूर्वी स्वतःची तबकडी, स्वतःची सुई आणि स्वतःचा लॅपटॉप दुकानात न्यावा, अर्धा तास मागून घ्यावा आणि पडदा बंद असल्यासारखे समजून फक्त क्रॉसफेडर व पॅडवर वाजवावे. त्या अर्ध्या तासात आवाज उघडण्याचे अंतर तीन-चार वेळा बदलून प्रत्येक वेळी तोच क्रॅब वाजवून पाहिला, तर चारही ठोके सुटे ऐकू येतात ती जागा हाताला आपोआप सापडेल. घरी आल्यावर पहिल्यांदा तीच सेटिंग लिहून ठेवावी.