चुंबकीय टोकन फलक: वर्षभराच्या वापरानंतर

विशेष शिक्षणाच्या वर्गात वर्षभर हा फलक वापरताना, काम सुरू होण्यापूर्वीच मुलाने आपल्या पसंतीच्या बक्षिसाचे चित्र वर लावायचे आणि प्रत्येक टप्प्यानंतर एक टोकन (फलकावर चिकटणारी छोटी चुंबकीय खूण) मिळवायचे आणि सगळी टोकने जमली की ते बक्षीस घ्यायचे, ही त्याची रचना मला मनापासून आवडली. माझा एक न बोलणारा स्वमग्न विद्यार्थी शेवटचे टोकन स्वतः चिकटवतो आणि लगेच त्या चित्रावर बोट ठेवतो. सुरुवातीला मात्र २ टोकनेच ठेवावीत, कारण ५ ठेवल्यास बक्षीस फार लांब वाटून मूल जागेवरून उठते. मिळालेले टोकन शिक्षा म्हणून काढून घेणे तर कटाक्षाने टाळावे. टोकनांतील चुंबक सुटे होतात, हा गंभीर दोष आहे. गिळलेले चुंबक आतड्याला इजा करू शकतात, म्हणून वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलांसाठी मी चुंबकाऐवजी चिकटणाऱ्या कापडी पट्टीचाच (वेल्क्रोचा) फलक घेईन.