फार्मवरच्या एंजलची जोडी: पावसाळ्यापासून आजपर्यंत

इंदूरच्या ज्या दुकानातून फार्मवर पैदास झालेल्या एंजल माशांची ही जोडी घेतली, तिथला माणूस पैसे मोजतानाच म्हणाला होता, "अंडे दिखे तो निकाल लेना, ये पालते नहीं।" इतके महिने बघून माझं मत असं की पालतात, पण आपण त्यांना पालू देत नाही.

धंदेवाईक ब्रीडरचं गणित सरळ आहे. अंडी घातली की स्लेट (ज्या पाटीवर ती घालतात ती) उचलायची, मिथिलीन ब्लू या बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाच्या पाण्यात हवा सोडून ठेवायची. मादी दहा-पंधरा दिवसांत पुन्हा अंडी घालते. अशा एंजलना पिल्लं दिसतच नाहीत, आणि मग नाव ठेवायचं त्यांच्या वृत्तीला! डिस्कस या माशाची पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खातात, त्यामुळे त्यांना वेगळं काढणं सोपं नसतं. एंजलचं तसं काही नाही, म्हणून ते यात सापडले.

आमच्याकडेही पहिल्या काही खेपा सकाळपर्यंत साफ झाल्या. मग रात्री टाकीजवळ झिरोचा बल्ब चालू ठेवला, समोरच्या काचेला जुना पेपर लावला आणि स्लेटला हात लावणं बंद केलं. फरक पडला. दोघं पाळीपाळीने कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांवर वारा घालायचे, पांढरी पडलेली, म्हणजे वाया गेलेली, नेमकी वेचून खायचे.

खरी गंमत तिसऱ्या दिवशी (पाणी २८ अंशांवर होतं). नर अंडी तोंडात घेऊन चघळायला लागला. घरातले ओरडले, "अरे, खातोय तो!" खात नव्हता. कवच सोडवून त्याने वळवळणारं पिल्लू शेजारच्या ॲमेझॉन स्वॉर्डच्या पानावर थुंकलं आणि ते डोक्यावरच्या चिकट ग्रंथीने तिथेच लटकलं. खाली पडलेलं मादी उचलून परत चिकटवायची. बरेच लोक नेमके इथे घाबरून टाकीत जाळी घालतात. पिल्लं पोहायला लागली की संध्याकाळी तोंडात भरभरून एका कोपऱ्यात जमा करणं सुरू.

तक्रारीही आहेत. या दिवसांत जोडी दुसऱ्या माशाला जगू देत नाही, वेगळी टाकी लागतेच. बोअरच्या पाण्यात पांढरी अंडी जास्त निघाली. नळाला येणारं नर्मदेचं पाणी क्लोरीन उडवून वापरलं तेव्हा कमी. पिल्लांना खायला आर्टेमिया (कोळंबीसारखा बारीक जीव) रोज बाटलीत अंड्यांतून फोडायचा, हा खरा वैताग. आणि आईबापांकडे ठेवलेली पिल्लं मोजकीच वाचतात. विकायची असतील तर स्लेट काढणंच परवडतं.

फक्त बघायला ठेवणार असाल तर जरूर घ्या. मात्र ‘प्रूव्हन पेअर’ (खात्रीची नर-मादी जोडी) म्हणून जास्त पैसे मागितले, तर त्यांच्या अंड्यांतून पिल्लं निघाली आहेत का ते विचारा. दोन माद्याही जोडी करून बसतात, स्लेट साफ करतात, अंडी घालतात. नर नसल्यामुळे ती सगळी पांढरी पडतात.