पहिलं बिटकॉइन घेताना: अ‍ॅपपेक्षा आधी हे बघा

भाचीला पहिल्यांदा बिटकॉइन घ्यायचं होतं, म्हणून आम्ही दोन भारतीय एक्स्चेंज, म्हणजे बिटकॉइन खरेदी-विक्रीची अ‍ॅप्स, शेजारी शेजारी उघडून बसलो. पॅन, आधार, सेल्फी हे सोपस्कार दोन्हीकडे सारखेच. मी आधी बघितलं ते एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी आहे का. मार्च 2023 पासून ती बंधनकारक आहे.

खरा फरक खरेदीच्या पडद्यावर कळला. पहिल्या अ‍ॅपवर ठळक ‘इन्स्टंट बाय’. शुल्क शून्य म्हणतात, पण भाव बाजारापेक्षा चढा, म्हणजे कमाई त्या भावातच लपवलेली. नवख्या माणसाला हे कळणारच नाही, याचा मला मनापासून राग येतो. दुसऱ्यावर ऑर्डर बुक, म्हणजे कोण किती भावाला घ्यायला-विकायला तयार आहे याची यादी, समोर दिसतं, आपला भाव टाकून लिमिट ऑर्डर लावता येते आणि शुल्क वेगळं दाखवतात. आम्ही तिथेच 2,000 रुपयांचं घेतलं. अख्खं बिटकॉइन घ्यावं लागत नाही. एकाचे 10 कोटी सातोशी, म्हणजे बारीक भाग, होतात.

आणखी एक तपासाच: नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे आपल्याच ताब्यातल्या डिजिटल पाकिटात, काढू देतात का? जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. त्यामुळे ही सोय नसेल तर माझ्या लेखी ते अ‍ॅप बाद.

कराचं गणितही आधीच मांडा. नफ्यावर 30 टक्के, वर अधिभार-उपकर. विकताना 1 टक्का टीडीएस. आणि तोटा कशातूनही वजा होत नाही. दुसऱ्या अ‍ॅपला पाचपैकी चार. व्यवहारांचा अहवाल मराठीत मिळाला तर पाचवाही देईन.