२१०, २६० की ३०० सीसी? छाती बेताचीच भरायची असेल तर

छातीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं ठरवलं, आणि नागपुरातल्या दोन क्लिनिकांतून मी दोन आकडे घेऊन घरी आले. एक रामदासपेठेतलं, एक धंतोलीतलं. एकीकडे २१० सीसी, दुसरीकडे ३००. छाती तीच, टेपही तसाच, तरी मधे ९० सीसीचं अंतर. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणते, "मधला घेऊन टाक नं बाप्पा, काय डोकं पिकवून राहिली!" शेवटी मी मधलाच घेतला, पण मधला आहे म्हणून नाही. तिथवर पोचायला मला तीन महिने लागले. तुमचे थोडे वाचावेत म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट ही की सीसी म्हणजे साइझ नव्हे. इम्प्लांटला आधी रुंदी असते, मग पुढे येणारी उंची, आणि दोन्ही मिळून आत किती मिलिलिटर जेल मावतं ते सीसी. रुंदी आपण निवडत नाही, ती आपल्या हाडापेराने आधीच ठरवलेली असते. माझ्या स्तनाची रुंदी १२ सेंटिमीटर भरली. त्यातून कडेची कातडी-चरबी वजा जाता इम्प्लांट साधारण ११ सेंटिमीटरचंच बसणार होतं. त्याहून रुंद घेतलं तर ते बगलेकडे सरकतं, नाहीतर मधे दोन्ही बाजू एकमेकींना खेटतात.

आता गंमत बघा. त्याच ११ सेंटिमीटर रुंदीत चपट्या प्रकारचं, म्हणजे मॉडरेट प्रोफाइलचं इम्प्लांट २०० ते २१० सीसीच्या आसपास येतं. मधल्या प्रोफाइलचं २५०-२६०, आणि हाय प्रोफाइलचं ३००च्या घरात. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे. म्हणजे दोन्ही डॉक्टर बरोबरच होते. एकाने मला चपटं सांगितलं, दुसऱ्याने उभार. फक्त हे दोघांपैकी कुणीच उलगडून सांगितलं नाही, याचा राग मला अजून आहे.

म्हणून "माझ्या वहिनीने २७५ घेतलं, छान दिसतं" हे वाक्य कानाआड करा. वहिनीची छाती १३ सेंटिमीटर असेल तर तिच्यावर २७५ सपाट दिसेल, आणि १० सेंटिमीटरवाल्या बाईवर तेच डोळ्यांत भरेल. कपाचंही तसंच. १५० ते २०० सीसीला एक कप वाढतो असा एक ढोबळ हिशेब सांगतात, पण सीताबर्डीच्या तीन दुकानांत तीन ब्रा घालून बघा, प्रत्येकीचा बी कप वेगळा निघेल. डॉक्टरला "मला सी करून द्या" म्हणण्यापेक्षा आवडलेले आणि नावडलेले असे दोन्ही फोटो दाखवलेले बरे. नावडलेले जास्त कामाचे.

घरी करायचा प्रयोग तांदळाचा. मोजायच्या कपाने २१० मिलिलिटर तांदूळ (आमच्याकडे एचएमटी, तुमच्याकडे जो असेल तो) पातळ मोज्यात भरायचा, गाठ मारायची, दुसऱ्या बाजूचा तसाच, आणि न पॅडवाल्या ब्रात ठेवून घरभर वावरायचं. मी एक अख्खा रविवार २१० घेऊन वावरले, पुढचा ३०० घेऊन. पोळ्या लाटल्या, भांडी घासली, जिना चढले. तांदूळ जेलपेक्षा हलका आणि कडक, शिवाय ब्रात वर ठेवलेली पिशवी छातीच्या स्नायूखाली गेलेल्या इम्प्लांटपेक्षा मोठी दिसते, त्यामुळे हा अंदाजच. क्लिनिकमध्ये सिलिकॉनचे सायझर, म्हणजे ब्रात ठेवून बघायचे नमुने असतात, ते मागून घ्या, आणि जाताना आपलाच रोजचा कुर्ता घालून जा.

आता तिन्ही आकडे शेजारी ठेवते.

२१० ची खरी ताकद ही की कळत नाही. वरचा भाग उतरता राहतो, कपड्याआड कुणाला शंका येत नाही. दोन्ही मिळून वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाच्या पिशवीहून कमी. अंबाझरीला रोज पळणारी, बॅडमिंटन खेळणारी, मूळची सडपातळ आणि कातडी घट्ट असलेली बाई असेल तर मी डोळे मिटून हेच सांगेन. पण बाळंतपणं झाली असतील आणि दूध पाजून छाती रिकामी पडली असेल, तर चपटं इम्प्लांट त्या सैल कातडीला पुरं भरत नाही. माझं नेमकं हेच होतं. दोन मुलं, आणि वरचा अर्धा भाग जणू कुणी पुसून काढलेला. खर्च करून, भूल घेऊन, टाके सोसून शेवटी "थोडं अजून हवं होतं" वाटणं हा या साइझचा धोका. साइझ बदलण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करून घेणाऱ्या बायका कमी नसतात. मात्र हेही लक्षात ठेवा: पहिल्या काही आठवड्यांत सूज असते, ती उतरली की कुठलाही आकडा लहानच वाटतो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

३०० म्हणजे हाय प्रोफाइल. रिकामी कातडी छान भरते, कमरेच्या मानाने छाती उठून दिसते. ज्यांना तेच हवंय त्यांनी संकोच कशाला करायचा? पण बेताचं हवं असेल तर हे बेताचं नाही. अरुंद छातीवर उभार इम्प्लांट वरून गोल दिसतं, वाटी पालथी घातल्यासारखं. पुढे येणारं वजन वर्षानुवर्षं कातडी ताणतं. ज्यांची कातडी मुळात पातळ (वरच्या भागात चिमटीत दोन सेंटिमीटरही येत नाही, त्यांना स्नायूखाली ठेवायचाच सल्ला मिळतो) त्यांच्यात कडा आणि सुरकुत्या बोटाला लागू शकतात. ३५० च्या पुढे या तक्रारी वाढत जातात, म्हणून त्या वाटेला मी गेलेच नाही.

२६० ने माझी कातडी भरली आणि गोलाई आली नाही, एवढंच त्याचं श्रेय. २५० की २६० की २७५ यावर मात्र रात्री जागवू नका. २५ सीसी म्हणजे चहाचे पाच चमचे. ते डोळ्याला कळत नाहीत. माझी डावी बाजू मूळची लहान, तर तिकडे एक पायरी मोठं घातलंय. बहुतेक बायकांत दोन्ही बाजू सारख्या नसतातच.

एक वेगळा प्रश्न: स्तनाग्रं खालच्या घडीच्याही खाली उतरली असतील तर सीसी वाढवून ती वर येत नाहीत. तिथे लिफ्ट, म्हणजे ओघळलेली छाती वर उचलायचं ऑपरेशन लागतं. मोठं इम्प्लांट घालून ओघळलेपण झाकू म्हणणारा डॉक्टर दिसला तर चप्पल घालायची आणि निघायचं.

आपलीच चरबी भरण्याचाही पर्याय आहे. पोटा-मांड्यांची काढून छातीत. बाहेरची वस्तू शरीरात नाही, हे मोठं सुख. पण भरलेल्यातली बरीचशी चरबी पुढच्या महिन्यांत विरघळून जाते, एका बैठकीत साधारण एखाद्या कपापलीकडे मजल जात नाही, आणि माझ्यासारखीच्या अंगावर काढण्याजोगी चरबीच नव्हती. तुमच्या असेल, आणि हवं ते अगदीच थोडं असेल, तर २१० च्या आधी याचा विचार करा.

साइझ कुठलाही असो, काही गोष्टी बदलत नाहीत. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, कधीतरी काढायला वा बदलायला लागू शकतं. भोवतीचं आवरण आकसून छाती कडक होऊ शकते. आतल्या आत फुटलेलं बाहेरून कळत नाही, म्हणून औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था एफडीए पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५-६ वर्षांनी आणि मग दर २-३ वर्षांनी करायला सांगते. पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत तेही विचारा. लिम्फोमा नावाच्या कॅन्सरच्या एका विरळ प्रकाराशी खरखरीत इम्प्लांटचा संबंध आढळल्यावर २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपला तसला माल जगभरातून परत घेतला होता. इम्प्लांटचा लॉट नंबर असलेलं कार्ड मागून घ्या आणि आधार कार्डाइतकं जपा. मॅमोग्राफीला गेल्यावर आधी सांगा, त्यांना वेगळ्या कोनातून फोटो काढावे लागतात. सर्जनच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, तेवढं बघाच. विमा यात पैसा देत नाही, उलट सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो.

आणि नागपुरात राहता, तर एप्रिल-मे सोडा. सर्जिकल ब्रा कित्येक आठवडे रात्रंदिवस घालायची असते. ४५ डिग्रीत कूलरसमोर बसूनही तिच्याखाली घामोळं उठतं. मी दिवाळी झाल्यावर केलं. स्कूटी मात्र थंडीतही बरेच दिवस बंद. मेट्रोने ऑफिसला जायचे, तिथे स्पीडब्रेकर नाहीत.

ऑफिसात कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. फक्त टेलरकाकूंच्या आलं. मार्चमध्ये लग्नासाठी जुने ब्लाउज घेऊन गेले, त्यांनी टेप लावला, चष्म्यावरून एकदा बघितलं आणि काही न बोलता शिवणी उलट्या करून पाहिल्या. आत दीड इंच माया होती. तेवढ्यात भागलं, एकही ब्लाउज नवा शिवावा लागला नाही.